वरकस

१८ मार्च
दादाचा फोन. हक्कसोडपत्र तयार आहे, येऊन सही कर. माळाच्या वरकसाला, त्या उताराच्या जमिनीला, गिऱ्हाईक आलंय. फार्महाऊसवालं.

२० मार्च
सातबारा काढला. खाचरं एका गटात, वरकस दुसऱ्या. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. दादा गुंठ्यात बोलतो, गिऱ्हाईक गुंठ्यात बोलतं म्हणून. ४० गुंठ्यांचा एकर, पण एकर शब्द कोणी काढत नाही. वरकसात थोडा पोटखराबा. लागवडीला अयोग्य. आई म्हणाली, "अगं, ऐनं तिथंच आहेत ना?"

१ एप्रिल
कूळकायद्यातला कृषक दिन. १९५७ला याच तारखेला कसणारी कुळं मालक ठरली. आजोबा त्यातले. जुन्या फेरफारावर त्यांचा अंगठा आहे. मी बराच वेळ तो बघत बसले.

१४ एप्रिल
आईबरोबर राब केला, भाताच्या रोपांसाठी दाढ भाजली. खाली शेण, वर ऐनाचे टहाळ, गवत, पातेरा, शेवटी माती. वारा जातो त्या बाजूने पेटवायचं, म्हणजे सावकाश जळतं. तणाचं बी मरतं. टहाळ आणि गवत सगळं वरकसातलं.

२ मे
दादा आला. "राब आता लागतो कुठं?" खोटं नाही. नेरळजवळ मालेगावला चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची सगुणा पद्धत रुजवली. गादीवाफ्यावर टोकण. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच.
मग वरकस कशाला? उत्तर सुचलं नाही.

११ जुलै
आवणी. पाऊस थांबत नाही. वाडीवरच्या बायका फार्महाऊसवर कामाला जातात. वहिनी, आई, मी. कंबर गेली.

१२ जुलै
पुढल्या साली एका खाचरात सगुणा करायचीच.

३० ऑगस्ट
वरकसात नाचणी गुडघाभर. उतारावर पाणी ठरत नाही, भात होत नाही. नाचणी होते, वरी होते. दोन-तीन सालं पीक, मग गवताला सोडायचं, जमीन परत अंग धरते. त्या सालांना दादा पडीक म्हणतो. बैल काय खातात मग? राब बंद झाला तरी हे गवत लागायचं बंद होत नाही.

२ सप्टेंबर
दादाला सांगितलं. सगुणाला माझी मेहनत, माझे पैसे. हक्कसोडावर सही नाही. तो उठून गेला. वहिनी चहा घेऊन मागे थांबली.

९ सप्टेंबर
मोबाईलवर ई-पीक पाहणी केली. नाचणीत उभी राहून फोटो काढला. नोंद झाली: नाचणी, जिरायत.