दोन मिलिमीटरांचा पट्टा

दिवाळीत अंगणोअंगणी जे मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांत बुरुजापेक्षा मावळा उंच असतो आणि महाराजांचे सिंहासन साऱ्या गडावर मावत नाही; परंतु याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. प्रमाणाच्या बाबतीत आपण मराठी माणसे मुळात उदार आहोत. म्हणूनच की काय, वडगाव रासाईस राहणाऱ्या माझ्या भाच्याचा छंद मला प्रथम काहीसा परका वाटला. भीमेकाठच्या उसाच्या मुलखातला हा चौदा वर्षांचा मुलगा खेळण्यातल्या मोटारींच्या तळाचे स्क्रू काढतो, आतली आसने बाहेर घेतो आणि त्यांवर सीट-बेल्ट बसवतो. मोटार चोविसाव्या हिश्श्याची. खरा पट्टा सुमारे अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंद. तेव्हा हा दोन मिलिमीटर भरला पाहिजे. अडीच झाला, तर तो टाकून देतो.

या दोन मिलिमीटरांपायी घरातली एकही वस्तू सुरक्षित राहिलेली नाही. आरंभी धाकट्या बहिणीच्या वेणीची रिबीन गेली. पण ती बारीक कापताच कडांचे धागे सुटू लागले. परकराची नाडी जाड ठरली. अखेरीस आजोबांच्या मोडक्या छत्रीचे काळे कापड उपयोगी पडले. ते पाटावर ताणून, चिकटपट्टीने चारी बाजूंनी आवळून, पोलादी पट्टीच्या कडेने नव्या ब्लेडने कापायचे आणि पेटत्या उदबत्तीचे टोक कडेजवळून नेमके फिरवायचे. नायलॉन किंचित वितळून धागे जागच्या जागी बसतात. हात क्षणभर अधिक रेंगाळला, की सारी पट्टी आखडते. बकलासाठी सरबताच्या डब्याचा पातळ पत्रा, अडकवण्यासाठी स्टेपलरच्या पिनेची वाकवलेली कडी, आणि दाबायच्या तांबड्या बटणासाठी सुईच्या टोकावर आलेला नेलपॉलिशचा थेंब. पट्टीच्या पाठीला चॉकलेटची चांदी चिकटवलेली असते. त्यामुळे दिलेली घडी टिकते आणि पट्टा आसनावर सैल पडल्यासारखा दिसतो. ‘चिकटवलेला दिसला की संपलं, मामा,’ हे त्याचे कलाविषयक मत मला पुष्कळ टीकालेखांपेक्षा मोलाचे वाटते.

लहान वाहनावर स्वार पक्का बसवण्याची विद्या या तालुक्याला नवी नाही. याच शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची एक पेटी निघाली. तीत शीर नसलेली देवी आणि एक बैल होता. देवीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला भोके होती. त्यांत काडी घातली, की देवी बैलावर स्थिर उभी राहते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने ही सोय विसरली नव्हती.

पट्टा कापण्याहून तो कोठून कोठे न्यावा, हे अधिक अवघड. तो दोन दारांमधील खांबातून निघतो, खांद्यावरून छातीवर तिरका उतरतो, आतल्या बाजूच्या बकलात अडकतो आणि तेथून आडवा बाहेरच्या अंगास जातो. तोही पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून. धक्का बसला, तर तो मऊ पोटाने नव्हे, हाडांनी झेलावा, हा हेतू. ही रचना निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याची. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीने ती मोटारीत बसवली आणि पेटंट साऱ्या जगाला खुले केले. हे गृहस्थ पूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने बनवत असत! फेकण्याचे शास्त्र जाणणाऱ्यालाच धरून ठेवण्याचे शास्त्र सुचावे, यात मला मौज वाटते.

आपल्याकडे मात्र एक निराळाच शोध लागला. बकलात खोवून गाडीची सूचनाघंटा गप्प करायची एक नुसती धातूची जीभ. तिला पट्टाच नाही. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्यास सांगितले, तेव्हा अशा १३,०००हून अधिक जाहिराती काढाव्या लागल्या. म्हणजे जी गाडी कधी हलणार नाही, तिच्यासाठी एक मुलगा खरा पट्टा करत बसतो, आणि ताशी शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी मोठी माणसे खोटा विकत घेतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले. पट्टे न लावता मागे बसलेले दोघे गेले. त्यानंतर चार दिवस घरोघर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. पाचव्या दिवशी आसनांवर पुन्हा खोळी चढल्या.

भाच्याच्या घरचीही गाडी तशीच होती. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाहून रात्री परतताना ती मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. मागच्या बाकावर मधोमध बसलेले माझे भाऊजी दोन आसनांमधून पुढे फेकले गेले. ते वाचले, पण उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. त्या रात्रीविषयी घरात कोणी बोलत नाही, आणि छंदाचा आरंभ त्यानंतरचा, हेही कोणी बोलून दाखवत नाही.

गेल्या खेपेस भाऊजींनी तयार मोटार डाव्या हाताने उचलली, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ आत पाहिले.

‘मधला कुठाय?’

‘ह्या गाडीला मधे नुसता कमरेचाच असतो, अप्पा. करायचाय अजून.’

‘कर.’

तो त्याच रात्री झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने शिवणाची कात्री घेतली, अंगणात जाऊन नव्या गाडीच्या मागच्या खोळीला तीन ठिकाणी उभा छेद दिला आणि खाली दडपलेली बकले एकेक करून वर ओढली. मधल्यात दसऱ्याच्या पूजेतली झेंडूची वाळकी पाकळी आणि शेंगदाण्याचे टरफल अडकले होते. तिने केसांतला आकडा काढून ते उकरले, फुंकर मारली आणि पट्ट्याची जीभ आत घालून पाहिली. दोनदा ती बसली नाही. तिसऱ्यांदा बसली.