ओतूरच्या पलीकडची मुळा

ओतूर सोडलं की ब्राह्मणवाड्याचा घाट लागतो. घाट तसा लहानच, पण माझ्यासाठी या प्रवासाचा खरा उंबरठा तोच. मागे राहिलेल्या ओढ्यांचं पाणी कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला मिळतं. माथा ओलांडला की पाणी मुळेचं, म्हणजे गोदावरीचं. ही पुण्याची मुळा नव्हे. हरिश्चंद्रगडाच्या मुलुखात उगम पावून कोतुळवरून राहुरीकडे उतरणारी ही नगरची, आता अहिल्यानगरची मुळा.

मी निघाले होते एका बोटभर माशासाठी. १८७२ मध्ये फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरांनी पुण्याकडचा लोच प्रकारातला एक लहानगा मासा शास्त्रात नोंदवला आणि कर्नल एव्हेझार्ड यांचं नाव त्याला दिलं. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं सह्याद्रीच्या ओढ्यांत, अगदी बस्तरच्या कुटुमसर गुहेतल्या अंधारातसुद्धा तसा मासा दिसला की तो ‘एव्हेझार्डी’च ठरायचा. २०२१ मध्ये प्रदीप कुमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळेतले मासे तपासले. मापं घेतली, जनुकं ताडून पाहिली, आणि हा निराळाच निघाला: इंडोरिओनेक्टिस नीलेशी. मत्स्यअभ्यासक नीलेश डहाणूकर यांच्यावरून हे नाव. त्याच निबंधात हिरण्यकेशी नदीतल्या ‘राजीवी’ या आणखी एका नव्या जातीचीही नोंद झाली.

डिसेंबरची सकाळ होती. आंबितच्या बाजूला भात झोडून झालं होतं, खळ्यांशेजारी पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. जिथे उतरले होते त्या घरचे मामा सोबत नदीवर आले. मी उत्साहाने पाण्यात पाय घातला तसे म्हणाले, “ताई, दगुड हलवू नका. पानी गढूळ झालं की कायबी दिसायचं न्हाई. गप बसा जरा.”

बसलो. पाण्याच्या गारव्याने घोटे बधिर झाले. बऱ्याच वेळाने समोरच्या गोट्याची सावली जराशी सरकली, आणि ती सावली नव्हतीच. तांबूस अंग, त्यावर काळपट पट्टे. तळाला पोट टेकून तो गोट्यागोट्यांतून पुढे यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. शिवाय नाकपुड्यांची टोकंही मिशीसारखी लांबलेली. या मिशांनीच तो तळ चाचपतो. कालवणात शोधूनही सापडणार नाही एवढा जीव, पण त्याच्याकडे बघताना माझा श्वास रोखला गेला होता.

“मुरा,” मामा हळूच म्हणाले. “पुन्याच्या मुळंत बी असंल की.”

“तिकडचा वेगळा, मामा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “मंग ह्यो आमचाच.”

हा फरक कागदापुरता नाही. सगळीकडे एकच मासा आहे असं मानलं, की एका ओढ्यातला संपला तरी दुसरीकडे आहेच, असं वाटत राहतं. इथला मुरा संपला तर पुण्याकडून कोण भरून काढणार? मधे डोंगराची अख्खी रांग आहे. उन्हाळ्यात वरच्या अंगाला धार तुटते, मग उरतात ते डोह, आणि सगळे जीव त्या डोहांत गोळा होतात. सह्याद्रीत काही ठिकाणी नेमक्या अशाच डोहांत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात. मोठ्यांबरोबर मग बोटभर मुरेही पांढरे पडून वर येतात.

मामांना हे विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही; वरच्या अंगाला, करंजाच्या सावलीतल्या एका काळ्याशार डोहाकडे बोट दाखवलं. “त्यो चैतात बी आटत न्हाई. तिथं आमी कुनाला काय टाकू देत न्हाई.”

परत पाण्यात पाहिलं तेव्हा गोटा होता, मुरा नव्हता.