अँटिव्हायरसचा इशारा आल्यावर

अँटिव्हायरसचा इशारा खरा असतो तसा बनावटही. ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारी आणि ‘या नंबरवर फोन करा’ म्हणणारी खिडकी ही फसवणूकच समजावी. खऱ्या इशाऱ्यात मालवेअरचे नाव आणि फाइलचा पत्ता असतो. मदत मागताना हे दोन्ही जसेच्या तसे सांगावे लागते, कारण पुढचे निदान त्यावरच ठरते.

तपासणीची सुरुवात अँटिव्हायरस अपडेट करून होते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन उपयोगी पडते. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी चालते, त्यामुळे रूटकिटसारख्या दडून बसणाऱ्या मालवेअरला लपणे अवघड जाते. सापडलेली फाइल लगेच पुसण्याऐवजी क्वारंटाइनमध्ये ठेवतात. इशारा चुकीचा निघाला तर ती परत मिळते. तोच इशारा पुन्हा येत राहिला, तर स्टार्टअपची यादी, शेड्यूल्ड टास्क आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स तपासतात.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २०१७ साली सुरू झालेले सायबर स्वच्छता केंद्र बॉट काढण्याची साधने मोफत देते. मालवेअर सापडले असेल, तर पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार करावी.