जालना ते गोदाकाठ : शहाणं लेकरू

'जालना, सोने का पालना' ही म्हण तुमच्या कानावरून गेली असेलच. इथली बाजारपेठ भरभराटीला होती त्या काळची ती. आता हा पाळणा बियाण्यांचा झाला आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी काढली, त्यामागून इतर कंपन्या आल्या. बियाण्यांच्या कामासाठी बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

गेल्या कार्तिकात मी जालन्याहून अंबड-घनसावंगीच्या बाजूला निघालो. काम हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे. पहाटेची थंडी नुकती सुरू झालेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेली पांढरी कपाशी, मधूनच मोसंबीच्या बागा, तुरीला पिवळा फुलोरा. अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवी. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून हे नाव. तिथून पुढे पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी लागते आणि रानाचा रंग बदलतो. घनसावंगी तालुक्यातच समर्थ रामदासांचे जांब. त्याच्याही पुढे गोदावरी.

नदीकडच्या एका गावात हरभऱ्याची मर समजावून सांगत होतो. मर रोगाची बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाच्या रस वाहणाऱ्या नळ्यांत बसते. वरून पाने हिरवी असतात. एक दिवस झाड मान टाकते, आणि खोड उभे चिरले तर आत काळी रेघ दिसते. तेवढे ऐकून मागे बसलेली एक आजी म्हणाली, "साहेब, माझ्या नातवाचं असंच झालं."

मागच्या हंगामात लेक-जावई ऊसतोडीला गेले होते. कोपीतच बाळंतपण झाले. बाळ चांगले रडले, चांगले प्यायले. नवव्या दिवशी रडायचे थांबले. "ताप नव्हता, काही नव्हतं. आम्ही म्हणलं, लेकरू शहाणं हाय, मायला कामाला जाऊ देतंय." अकराव्या दिवशी ते गेले.

मंडळी, या आजाराला डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात. जंतू रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर साऱ्या अंगात पोचतात. हरभऱ्याच्या नळीत बुरशी बसावी, तसेच. जंतूंना वाटा पुष्कळ : नाळेचे ओले टोक, बाळंतपणातले न धुतलेले हात, नाजूक त्वचा, कधी आईच्या पोटातूनच. मोठ्या माणसाचे अंग जंतूशी झुंजते, म्हणून ताप चढतो. तान्ह्या अंगात ती ताकद नसते. ते उलट गार पडते आणि गप्प होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाला धोका जास्त.

यावर मोठे काम आपल्याच राज्यात, विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, आणि आई-बापांची संमती असेल तर जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमॉक्साझोलचे पातळ औषध देत. या उपचाराआधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर तीनही नाही. गावांतले नवजात मृत्यू हजार जन्मांमागे ६२ होते, ते तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई घरी येऊन बाळ पाहू लागल्या त्याचे मूळ तिथेच आहे.

त्या बाया ज्या खुणा पाहत, त्या पाहायला यंत्र लागत नाही. चांगले रडणारे बाळ हळू रडू लागले किंवा थांबले. चांगले पिणारे बाळ पीत नाही. जागे असणारे बाळ सुस्त, ढिले पडले. अंग गार किंवा गरम लागते. नाळेला वा कातडीला पू आहे. पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत. श्वास घेताना छाती आत ओढली जाते किंवा बाळ कण्हते. गडचिरोलीत यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की उपचार सुरू होत. आपण घरी एक दिसली तरी निघावे, उद्याची वाट पाहू नये.

आता एक स्पष्ट बोलतो. गाय व्याली की तासाभरात वासराला चीक पाजता, कारण चीक न मिळालेले वासरू तगत नाही हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. आणि त्याच घरात सुनेचा चीक पिळून टाकतात, बाळाला गूळपाणी नि मध चाटवतात! चीक हीच बाळाची बीजप्रक्रिया. मात्र वासराच्या नाळेला आयोडीन लावता म्हणून बाळाला लावू नका. हळद, तेल, राख, शेण, काहीच नको. नाळ कोरडी, उघडी राहू द्या. पहिल्या दिवशी आंघोळ नको. आणि बाळाला उचलणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावे, आत्याबाई असोत की गावचे पाटील.

गावातल्या कुणाकडून एखादी सुई टोचून घेऊन वेळ काढू नका. बीटी कपाशीतल्या विषाला गुलाबी बोंडअळी कशी निर्ढावली ते २०१७ साली आपण पाहिले. अर्धवट औषधाने जंतूही तसेच निर्ढावतात, आणि मोठ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आज ती अडचण रोज येते. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळाचा उपचार, औषधे आणि गाडी मोफत आहे. १०८ ला फोन करा. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, पीत असेल तर पाजत राहा. थंडीत गार पडलेले बाळ पोचेपर्यंत जास्त बिघडते.

बाळंतपण दवाखान्यात झाले तर आशाताईने सहा वेळा घरी यायचे असते, घरी झाले तर सात वेळा. पण लेक बाळंतपणाला माहेरी आणि नाव सासरच्या गावात, असे असले की फेऱ्या हुकतात. लेक येईल त्याच दिवशी माहेरच्या आशाताईला कळवा. ऊसतोडीचे तर विचारूच नका. फडात कोण येणार? आणि एक दिवस काम बुडाले तर खाडा लागतो, या धाकाने आई-बाप दवाखान्याची वाट धरत नाहीत.

त्या गावातली टोळी दोन दिवसांनी कर्नाटकात निघायची होती. ट्रॅक्टरजवळ भांडी, चटया, बांबू, दोन शेळ्या बांधून ठेवलेल्या. मी मुकादमाला विचारले, टोळीत गरोदर आणि बाळंतिणी किती? कोयते त्याने एका दमात सांगितले. हे मात्र माहीत नव्हते. आशाताई बरोबर होती, तिने दारोदार फिरून मोजले. तिघी गरोदर आणि एकीचे बाळ अठरा दिवसांचे. चौघींची माता-बाल कार्डे तिने भरून दिली. १०८ कर्नाटकातही चालतो, तो आकडा मुकादमाने ट्रॅक्टरच्या दर्शनी काचेवर आतून खडूने लिहिला. बाळाला दवाखान्यात न्यायचे असेल त्या दिवसाचा खाडा घेणार नाही, असे तो आजीसमोर कबूल झाला. आजी म्हणाली, "चौघींच्या नवऱ्यांसमोर म्हण."

त्याने त्यांना बोलावून घेतले.