काळ्यातला कुमैत

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमाराला, तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणकार घोड्याला नुसतं तपकिरी म्हणून सोडून देत नाही. कुमैत, अबलक, नुकरा अशी त्याची रंगांची मोजणी असते. कुमैत म्हणजे अंग गडद तांबूस-तपकिरी आणि आयाळ, शेपूट काळी. सावलीत तो काळसरच वाटतो. उतरत्या उन्हात आणला की पाठीवरून तांबूस झाक सरकते. आपल्या केसांचंही तसंच आहे. ज्याला आपण काळा केस म्हणतो, त्यातलं रंगद्रव्य मुळात काळं-तपकिरीच असतं, फक्त ते दाटीवाटीनं भरलेलं असतं. म्हणून थंडी पडली की केसांचा तपकिरी रंग ताजा करायचा, म्हणजे शेंड्यापर्यंत पुन्हा नवा रंग थापायचा, ही समजूत मला पटत नाही. हिवाळ्यात रंग विटतो तो बराचसा केस कोरडा पडतो म्हणून. तेव्हा आधी केस सावरायचा आणि रंग लागेल तेवढाच लावायचा.

पुढे जाण्याआधी एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं, कारण सारंगखेडा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे तिथे तो सर्वांत वजनदार आहे. ज्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचं नाव वर्षानुवर्षं कुपोषणाशी जोडलं गेलं, तिथे केसांच्या रंगाचं कौतुक कशाला? पण केसांच्या रंगाकडे डोळसपणे पाहायची गरज इथेच जास्त आहे. आहारात प्रथिनं फार कमी पडली की मुलाचे काळे केस विरळ, निस्तेज आणि तांबूस होतात, सहज उपटून येतात. काही काळ पोटभर मिळालं आणि पुन्हा उपास पडला, तर एकाच केसावर गडद-फिक्या रंगाचे पट्टे उमटतात. अर्थात रानात गुरांमागे दिवसभर उन्हात असलेल्या मुलाचे केसही भुरे होतात. नुसत्या रंगावरून निदान होत नाही. त्यासाठी अंगणवाडीत वजन आणि दंडाचा घेर पाहावा लागतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित असतं. एकच तपकिरी रंग लहानपणी उपासमारीची खूण असू शकतो, ऐन तारुण्यात हौस असतो आणि चाळिशीनंतर पांढऱ्यावरचं पांघरूण. तो कुठून आला हे विचारल्याशिवाय त्याला सुंदर म्हणू नये आणि वाईटही म्हणू नये.

आता हौसेचा तपकिरी. काळ्या केसावर तो दिसायचा तर आतलं मूळ रंगद्रव्य उजळावं लागतं. अमोनियानं केसावरचे खवले उघडतात, पेरॉक्साइड आत शिरून काळेपणा उतरवतं आणि त्याच वाटेनं नवा रंग आत बसतो. पुढे तो रंग धुण्याधुण्यात निघून जातो, पण उतरलेला काळेपणा परत येत नाही. मग उघडा पडतो तो पिवळट-तांबडा, खरखरीत केस. त्यात सातपुड्याची थंडी. डाबसारख्या गावात कडाक्याच्या पहाटे दवसुद्धा गोठतं, त्यामुळे चुलीवरच्या कढत पाण्यानं न्हाणं चुकत नाही. पण तेच पाणी डोक्यावरून घेतलं की तेल जातं, खवले उघडे राहतात आणि रंग ओघळतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन महिन्यांनी रंग हवा असतो तो मुळाशी बोटभर जागेला. बाकीच्या लांबीला हवं असतं कोमट पाणी आणि तेल. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. त्याचा गोळा तळहातांत चोळून विरघळवावा आणि शेंड्यांकडून वर लावत जावा.

मग मेंदीच का नको, असं कोणी म्हणेल. मेंदी चांगलीच आहे. तिचा रंग केसातल्या केराटिनला धरून बसतो, केस उजळवावा लागत नाही. पण नुसती मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी दिसते. तिच्यात निळीच्या पानांची पूड मिसळली की खरा तपकिरी येतो, आणि मेंदीवर वेगळा हात निळीचा दिला तर काळा. चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीलाही गडदपणा येतो. फक्त लिंबू हिवाळ्यात नको, केस आणखी कोरडे होतात. गारठ्यात मेंदीचा रंग सुटायलाही वेळ लागतो, म्हणून ती उबदार जागी भिजवावी. सकाळच्या गारठ्यात ओलं डोकं घेऊन बसवत नाही ही तक्रार खरी आहे. दुपारी अंगणात ऊन असताना लावली तर तेवढा त्रास होत नाही.

मात्र मेंदी म्हटलं की सगळं निर्धोक, हे मला मान्य नाही. झटपट काळी करणारी म्हणून जी मेंदी विकली जाते, तिच्यात पुष्कळदा पीपीडी हे रसायन असतं. 1863 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमननं ते तयार केलं. तेच आजच्या बहुतेक टिकाऊ रंगांचा पाया आहे आणि अनेकांना त्याचीच ॲलर्जी येते. पापण्या सुजतात, टाळू पाझरतो. आधी सारखा लावला तेव्हा काही झालं नाही, हा भरवसा पुरत नाही, कारण ॲलर्जी वापरातूनच जडते. पुडीवरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचावीत, कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 48 तास थांबावं. लग्न उद्यावर आलं असताना एवढी सवड कुठली, हे खरं. पण तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या तिथी महिनाभर आधी ठाऊक असतात.

आणि ज्यांना पांढरा लपवायचाच नाही त्यांचं काय? त्यांनाही तेल आणि कोमट पाणी लागतंच. सारंगखेड्याच्या बाजारात पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याची पाठही मालक तितक्याच मायेनं खराऱ्यानं घासतो. दिवस आखडले की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात आणि होळीच्या सुमाराला मुठी-मुठीनं गळतात. खालून येणारा नवा केस मालक उन्हात नेऊन बघतो.