झालें गेलें गंगेला !

अपघातांतून वांचलेल्या मनुष्याच्या तोंडीं आपल्याकडे दोन वाक्यें ठरलेलीं असतात. पहिलें, 'देवाची कृपा, थोडक्यांत निभावलें'. आणि दुसरें, 'झालें गेलें गंगेला मिळालें'. पहिल्या वाक्याशीं आमचें भांडण नाहीं. मरण ज्याच्या अंगाला घांसून गेलें त्यानें देवाचे आभार मानावे हें योग्यच आहे. दुसऱ्या वाक्याविषयीं मात्र आम्हांस थोडें बोलावयाचें आहे. कारण त्या वाक्याच्या पांघरुणाखालीं आपल्या पांढरपेशा वर्गाची दया, भिडस्तपणा, आळस आणि पोलिसचौकीची भीति अशा चौघी जणी एकत्र निजलेल्या असतात, आणि त्यांतली दया कोणती हें सहसा ओळखूं येत नाहीं.

टांग्याच्या काळीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. टांगेवाला ओळखीचा असे, घोडा बहुधा त्याचाच असे, आणि टांगा उलटला तर दोष कोणाचा याचा निवाडा नाक्यावरच होई. आज मोबाइलवर बोट टेकलें कीं थोड्या वेळांत मोटार दाराशीं येऊन उभी राहते. ही सोय आम्हांसही आवडते. पण त्या मोटारीचा चालक एक, मालक पुष्कळदां दुसरा, विमा उतरविणारी कंपनी तिसरी, आणि ॲपवर या सर्वांची गांठ घालून देणारी कंपनी चौथी. चाकें सुरळीत फिरत असतात तोंवर हे चौघे एकच भासतात. ठोकर बसली कीं ते चार दिशांना पांगतात, आणि दुखरा हात धरून बसलेला उतारू तेवढा मधोमध एकटा उरतो.

दोन वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका संध्याकाळीं पुण्यास आम्ही आणि आमचें कुटुंब अशाच एका मोटारींतून स्टेशनावरून घरीं येत होतों. उलट्या बाजूनें एक टेंपो आला. आमचा चालक वेगांत होता. त्यानें गाडी एकदम वळविली आणि ती दुभाजकावर आदळली. टेंपो थांबला नाहीं. आमच्या डाव्या मनगटाचें हाड मोडलें, कुटुंबाच्या बरगड्यांना मार बसला, आणि चालकाच्या कपाळांतून रक्त वाहूं लागलें. त्या पंचविशींतल्या मुलानें एका हातानें जखमेवर रुमाल दाबून धरीत दुसऱ्या हातानें रिक्षा थांबविली व आम्हां दोघांस इस्पितळांत पोंचविलें. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणें हें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चालकाचें कर्तव्यच आहे. परंतु त्यानें तें कायदा आठवून केलें नाहीं, एवढें आम्ही शपथेवर सांगूं.

हाताला प्लास्टर बसल्यावर तो आमच्या खाटेशीं आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, पोलिसांत कांहीं सांगूं नका. कंपनी माझा आयडी बंद करेल. गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत." भेटीस आलेल्या आप्तेष्टांनींही 'गरिबाच्या पोटावर पाय कशाला देतां ?' म्हणून त्याचीच री ओढली. आमचें मन विरघळूं लागलें होतें. तोंच शेजारच्या खाटेवरून आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, त्यानं आपल्याला इथं आणलं हेंही सांगा, आणि गाडी जोरांत होती हेंही सांगा. त्याच्यावर दया करायची तर आपल्या खिशांतून करा. खोट्या जबाबांतून नको."

दुसऱ्या दिवशीं आमचे एक वकील स्नेही आले. त्यांनीं सांगितलेली गोष्ट आप्तेष्टांपैकीं कोणासच ठाऊक नव्हती. चालक बहुधा गरीब असतो आणि त्याच्यावर हुकूमनामा मिळाला तरी तो भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगी पडत नाहीं, ही अडचण कायदेपंडितांना फार पूर्वींच दिसली होती. म्हणून १९३० सालीं इंग्लंडांत, आणि १९३९ च्या मोटार कायद्यानें हिंदुस्थानांत, मोटारीनें इतरांस होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद झाली. भाड्याच्या मोटारींतील उतारूही आज या सक्तीच्या विम्यांत येतो. भरपाईचा दावा कागदोपत्रीं चालक व मालक यांच्यावर लागतो, पण विमा चालू असेल तर रक्कम विमा कंपनी भरते. पोटावर पाय देण्याची जी भीति आपण बाळगतों तिचा निम्मा भार कायद्यानें असा हलका करून ठेवला आहे. उरलेला निम्मा भार खरा आहे, हेंही कबूल केलें पाहिजे. बेदरकारपणाबद्दल चालकावर फौजदारी खटला होऊं शकतो, आणि कंपनीही त्याला कामावरून दूर करूं शकते. म्हणूनच जबाब देतांना दोषांत भर घालूं नये आणि गुणांत काट मारूं नये.

आतां अशा प्रसंगीं करावयाचें काय ? सर्वांत आधीं शरीर. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि ११२ वर पोलिसांसह सर्वच तातडीची मदत मिळते. पोलिस येईपर्यंत हात लावणार नाहीं, असें कोणताही डॉक्टर म्हणूं शकत नाहीं. इस्पितळ सरकारी असो वा खासगी, आधीं उपचार हा दंडक सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच घालून दिला आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला साक्षीच्या व खटल्याच्या जाचापासून संरक्षण देणारें कलम २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलें आहे; तेव्हां बघ्यांच्या गर्दींतल्या एखाद्यास हांक मारण्यास संकोच नको. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळावे अशी केंद्र सरकारची योजनाही झाली आहे. आणि 'मला कांहीं झालें नाहीं' असें म्हणून तडक घरीं जाणें हें शौर्य नव्हे. मानेचें दुखणें दुसऱ्या दिवशीं डोकें वर काढतें. डोक्याला मार लागल्यावर वांति, गुंगी किंवा असंबद्ध बोलणें सुरू झालें तर घटकाभरही थांबूं नये.

शरीरानंतर कागद. टांग्याला जी साक्ष नव्हती ती या मोटारीला आहे. प्रवास कोठून कोठें, किती वाजतां, कोणत्या क्रमांकाच्या गाडींतून व कोणत्या चालकाबरोबर झाला हें सर्व आपल्याच मोबाइलमध्यें लिहिलेलें असतें. त्या पडद्याचें चित्र त्याच दिवशीं टिपून ठेवावें, भाड्याची पावती जपावी, आणि ॲपमधूनच कंपनीला अपघात कळवावा, म्हणजे कळविल्याचाही दाखला राहतो. गाडीचें, रस्त्याचें आणि आपल्या जखमांचें छायाचित्र घ्यावें. स्वतःला उठवत नसेल तर सोबतच्या माणसाकडून घेववावें. पाटीचा रंगही पाहावा. पिवळी पाटी म्हणजे गाडी भाड्याची म्हणून नोंदलेली. पांढरी असली तर ती खासगी, आणि मग विमा कंपनी हात वर करूं पाहते. पोलिसांत नोंद करून फिर्यादीची व पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी. इस्पितळाच्या कागदावर 'पडल्यामुळें' असें मोघम न लिहितां 'मोटार अपघातांत' असें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. या एका शब्दावर पुढें वर्षभर वाद चालतो.

तिसरी गोष्ट भरपाईची, आणि येथेंच आपला वर्ग सर्वांत लाजतो. हाड मोडणें ही कायद्याच्या भाषेंत 'जबर दुखापत' होय. अशा दुखापतीस दोष कोणाचा हें सिद्ध न करतांही अडीच लाख रुपये, आणि मृत्यु आल्यास वारसांस पांच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. मात्र ही रक्कम स्वीकारली कीं मोठ्या दाव्याचा मार्ग बंद होतो. म्हणून दुखणें दीर्घ मुदतीचें दिसत असेल तर घाई करूं नये. मोठा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें लावावयाचा, आणि तो आपण राहतों त्या ठिकाणींही लावतां येतो. १९९४ सालीं काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हां लागू झाली आहे. तिला न्यायालयांत आव्हान दिलें गेलें आहे. पण शहाण्यानें त्या वादाच्या भरंवशावर न राहतां मुदतींतच अर्ज करावा. दोन वाहनांचा दोष असून एक पळून गेलें, तरी जखमी उतारू सांपडलेल्या वाहनाकडून पूर्ण भरपाई मागूं शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. शिवाय २०१० च्या एका निकालांत त्याच न्यायालयानें असें समजाविलें आहे कीं, डॉक्टरांनीं लिहिलेलें अपंगत्वाचें प्रमाण आणि कमाईच्या शक्तींत आलेली तूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुताराचें मनगट आणि लेखनिकाचा घोटा यांची किंमत एका मापानें होत नाहीं. म्हणून औषधाचीं बिलें, बुडालेल्या पगाराचा दाखला, आणि कोणतें काम केव्हांपर्यंत करतां आलें नाहीं याची रोजनिशी ठेवावी. थोडी रक्कम पुढें करून 'आतां कांहीं मागणें उरलें नाहीं' अशा कागदावर कोणी सही मागितली, तर ती वकिलास विचारल्यावांचून देऊं नये.

आम्ही जबाब दिला तो आमच्या कुटुंबानें सांगितल्याप्रमाणें: टेंपो उलट्या बाजूनें आला, आमची गाडी जोरांत होती, आणि रक्तबंबाळ अवस्थेंत चालकानें आम्हांस इस्पितळांत आणलें. कंपनीनें त्याला कांहीं आठवडे दूर ठेवलें. आम्ही तिला पत्र लिहून त्याच्या वर्तनाची हकीकत कळविली, आणि पुढें तो कामावर परत आला. त्या आठवड्यांत त्याच्या एका हप्त्याला आम्हीं हातभार लावला, तो आमच्या खिशांतून. विमा कंपनीशीं तडजोड लोकअदालतींत झाली, आणि रक्कम त्या कंपनीनें भरली. मनगट मात्र पूर्वींसारखें वळत नाहीं. पाण्यानें भरलेली कळशी डाव्या हातानें उचलवत नाहीं, आणि पावसाळ्यांत तें हाड आपल्याला पंचांगाच्या आधीं नक्षत्र कळवितें.

गंगेला कांहीं अर्पण करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्या मुलावरचा राग आम्हीं केव्हांच तिच्यांत सोडून दिला. पण कागद सोडले नाहींत. त्यामुळेंच राग सोडणें आम्हांस परवडलें.