नक्षीचे गणित : बीबी का मकबऱ्यात दोन दिवस

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणारा प्रत्येकजण बीबी का मकबरा पाहतो आणि बहुतेकजण अर्ध्या तासात बाहेर पडतात. लांबून एक फोटो, जवळून एक फोटो आणि "ताजमहालची नक्कल आहे" असा एक शेरा. शाळेच्या सहलींबरोबर मीही तिथे अनेकदा गेले आहे; तेव्हा पन्नास मुलांची डोकी मोजण्यातच वेळ संपतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र सलग दोन दिवस तिथे काढले, ते माझ्या भाचीमुळे. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एखाद्या जुन्या वास्तूतील नक्षीचा काही भाग मोजून संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची, असे काम तिला कॉलेजने दिले होते. परवानगीचे पत्र तिच्या पिशवीत होते आणि सोबतीला मी होते.

धुळ्याहून निघालेली एस.टी. चाळीसगाव मागे टाकून कन्नडचा घाट चढू लागते. या घाटाजवळच पाटणादेवीचे जंगल आहे. तिथल्या पाटणच्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती मिळते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तिथे मठ स्थापन केला होता. मकबऱ्याच्या लेखात भास्कराचार्य कुठून आले, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर मकबऱ्याच्या दारावरच आहे.

दारावरची दोन नावे

औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिचे १६५७ साली औरंगाबादेत निधन झाले. राबिया-उद-दौरानी या नावानेही ती ओळखली जाते. तिच्या कबरीवर ही वास्तू उभी राहिली. बांधकामाचे श्रेय परंपरेने तिचा मुलगा आजम शाह याला दिले जाते. पण त्याचा जन्मच १६५३ चा. म्हणून मूळ बांधकाम औरंगजेबाच्या हुकमानेच झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मुख्य प्रवेशद्वारावर पितळी पत्र्यात फुलांची सुरेख नक्षी आहे. तिथल्या लेखात दोन नावे आहेत : रचनाकार अताउल्लाह आणि बांधकाम पाहणारा हंसपत राय. एक मुसलमान, एक हिंदू, आणि दोघांची नावे एकाच दारावर. तिकीट दाखवून आत शिरणारी गर्दी ती न वाचताच पुढे सरकते.

हा अताउल्लाह म्हणजे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. ताजमहालचे रचनाकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे उस्ताद. पण मुलाची ओळख एवढीच नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झाला. तो करणारा अताउल्लाह रशीदी हाच. ज्या ग्रंथकाराच्या विद्येसाठी सह्याद्रीच्या या रांगेत मठ उभा राहिला, त्याच्या ग्रंथाचा अनुवादक पुढे घाटाच्या अलीकडे येऊन मकबरा रचतो! हे कळल्यावर 'नक्कल' हा शब्द तोंडातून निघत नाही.

संगणकाला 'साधारण' कळत नाही

मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, भिंतींचा खालचा पट्टाही संगमरवरी आहे. मधला बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट दगडाचा असून त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा आहे. खरी कलाकुसर आहे ती या गिलाव्यात : वेली, फुलदाण्या, कमळाच्या पाकळ्या, कमानींच्या दोन्ही खांद्यांवरची फुले.

भाचीने पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. वही, पेन्सिल, टेप आणि मोबाईल एवढ्यावर काम चालले. एकाच फुलाचे तिने समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून असे कितीतरी फोटो घेतले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले समान बिंदू जुळवून पृष्ठभागाचा उंचसखलपणा काढते. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. मी विचारले, "पाकळीची खोली अंदाजाने टाकली तर काय बिघडते?" ती म्हणाली, "खाला, संगणकाला 'साधारण' कळत नाही. किती मिलिमीटर, ते सांगावेच लागते." वर्गात मुलांना निरीक्षण शिकवताना मला एवढे नेमके वाक्य कधी सुचले नव्हते.

रात्री खोलीवर तिने काम दाखवले. मला त्यातले कळले ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. चौथऱ्याच्या कडेची पट्टी करायची तर आधी तिचा फक्त आडवा छेद काढायचा आणि तो कडेने फिरवत न्यायचा. सोऱ्यात जशी चकती घालावी तशी शेव पडते, तसेच हे. घुमटासाठी अर्धी बाह्यरेषा काढून ती मधल्या अक्षाभोवती फिरवायची, कुंभाराच्या चाकासारखी. घुमटाच्या तळाची कमळपाकळी एकदाच घडवायची आणि वर्तुळात हव्या तेवढ्या वेळा मांडायची. जाळीचाही एक तुकडा पुरतो. त्याचे प्रतिबिंब, मग प्रतिबिंबाचे प्रतिबिंब, अशी जाळी पसरत जाते.

वास्तुविशारदांच्या 'रेव्हिट' या सॉफ्टवेअरमध्ये कमान, दार, खांब अशा घटकाला चक्क 'फॅमिली' म्हणतात. घटकाची मापे नाते बांधल्यासारखी एकमेकांत गुंफलेली असतात. कमानीची रुंदी बदलली की तिचा बाक, टोक, भोवतीची पट्टी सारे त्या प्रमाणात बदलते. एक अज्ञात राशी मानायची, बाकीच्या तिच्या आधाराने मांडायच्या. बीजगणित याहून वेगळे काय आहे? अताउल्लाहला लॅपटॉप दिला असता तर ही रीत त्याला परकी वाटली नसती.

याचे नवल वाटायला नको. मशिदी आणि मकबऱ्यांच्या कमानींत मधाच्या पोळ्यासारखी जी रचना दिसते तिला मुकर्नस म्हणतात. समरकंदचे गणिती जमशीद अल-काशी यांनी १४२७ साली पूर्ण केलेल्या 'मिफ्ताहुल हिसाब' या ग्रंथात मुकर्नसचे चार प्रकार सांगून त्याचे पृष्ठफळ काढण्याची रीत दिली आहे. क्षेत्रफळ कळले की चुना किती लागेल, मजुरी किती होईल, हे काढता येते. आपल्याकडे नक्षी आणि हिशेब फार पूर्वीपासून एकाच घरात नांदत आले आहेत.

डावे फूल, उजवे फूल

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी अडचण उभी राहिली. कमानीच्या डाव्या खांद्यावरचे फूल भाचीने रात्री पूर्ण केले होते आणि उजवीकडे त्याचेच प्रतिबिंब ठेवले होते. पडद्यावर ते देखणे दिसत होते. तिरप्या उन्हात खऱ्या कमानीसमोर उभे राहिल्यावर मात्र उजव्या वेलीचे वळण जरा अधिक झुकलेले दिसले आणि एक पाकळी किंचित रुंद. तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या दोन कारागिरांचे हे हात असतील, किंवा एकाच कारागिराची सकाळ आणि संध्याकाळ. आराखडा एकच, पण ओल्या चुन्यात फिरलेला हात प्रत्येक वेळी नवा.

तिने प्रतिबिंब काढून टाकले आणि उजवे फूल वेगळे घडवायला घेतले. काम दुपटीने वाढले. फाईल जड होऊन लॅपटॉप वारंवार अडकू लागला. मग तिने दोन प्रती ठेवल्या : लांबून पाहण्यासाठी एक हलकी, आणि निवडक भागांची बारकाव्यांसह दुसरी.

पुढचा प्रश्न याहून अवघड होता. एके ठिकाणी गिलावा झडला होता. वेल मध्येच तुटून आतला काळा दगड दिसत होता. संगणकावर ती वेल पूर्ण करायला पाच मिनिटे पुरली असती. पाहणाऱ्याला कळलेही नसते. भाचीने मात्र तो भाग साध्या करड्या रंगात सपाट ठेवला. जे दिसते ते पांढरे, जे अनुमानाने भरले ते वेगळ्या रंगात, आणि ज्याचे अनुमानही करता येत नाही ते करडे. वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद हेच सांगते : जिथे अंदाज सुरू होतो, तिथे दुरुस्ती करणाऱ्याने थांबावे. आजच्या संगणकावर खोटी वेल खऱ्या वेलीइतकीच सुंदर काढता येते, म्हणून हा करडा रंग मला त्या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटला. पुढे कोणी या प्रतिकृतीवरून दुरुस्ती करील, तेव्हा खरे काय आणि भरलेले काय हे त्याला कळले पाहिजे.

अशा नोंदी खरोखर कामी येतात. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले. कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षे आधी लेझर यंत्राने ती वास्तू आतून-बाहेरून मोजून ठेवली होती; शंभर कोटींहून अधिक बिंदू त्यात होते. टॅलन २०१८ मध्येच वारले, पण पुनर्बांधणीत त्यांच्या मोजणीचा उपयोग झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. अर्थात नुसती मोजणी भिंत बांधत नाही. मकबऱ्याच्या गिलाव्यासाठी चुना मळणारा, तो ओला असताना वेल उठवणारा हात हवाच. चुन्याच्या जागी सिमेंट थापले की आतला ओलावा कोंडतो आणि जुनी भिंत आतून पोखरते. संगणकावर काम करणारी मुले आणि चुन्यात काम करणारे गवंडी एकमेकांना भेटले पाहिजेत.

दुपारी आम्ही आतल्या कठड्यापाशी उभे राहिलो. खाली अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या मधोमध दिलरस बानोची कबर आहे. फातेहा पढली. एवढ्या साऱ्या नक्षीच्या मध्यभागी शेवटी एक कबर आहे, याचे भान पर्यटकांच्या गर्दीत सुटते.

आपल्या गावची मशीद

वाचक बंधू-भगिनींनो, मकबऱ्याची काळजी घ्यायला पुरातत्त्व खाते आहे. आपल्या गावातल्या जुन्या मशिदीला, दर्ग्याला, वाड्याच्या दिंडी दरवाजाला कोण आहे? नमाजींची संख्या वाढते, जागा अपुरी पडते, जुनी इमारत उतरवून नवी बांधावी लागते. ते चुकीचे नाही. पण उतरवताना चुन्याची मेहराब, लाकडी तुळईवरची वेल, कोनाड्याची कमान एका दिवसात मातीत जाते आणि तिचा धड एक फोटोही मागे राहत नाही.

काम सुरू होण्याच्या आधी एक रविवार काढावा. मोहल्ल्यातली चार मुले-मुली, एक टेप, एक वही आणि एक बऱ्यापैकी मोबाईल एवढे पुरते. मेहराबीची उंची, रुंदी, खोली लिहून घ्यावी. फोटोत मोजपट्टी दिसेल अशी ठेवावी. कारागिराचे नाव कुणा बुजुर्गाला आठवत असेल तर तेही नोंदवावे. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. रेव्हिटसारखी महागडी सॉफ्टवेअरही विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी विनामूल्य दिली जातात. दिवसभर पडद्याला चिकटलेल्या मुलांना आपण रागावतो. त्याच पडद्यावर त्यांच्या हातून आजोबांच्या मशिदीची मेहराब उभी राहू शकते. फक्त त्यांना एक ताकीद द्यावी : जे दिसले तेच काढा, आणि जे झडून गेले आहे ते करडे ठेवा.